युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा, मग बॉम्ब टाकायचा हुकूम एकट्या राष्ट्राध्यक्षाचा कसा?

राज्यशास्त्राची शिक्षिका | १३ सप्टेंबर २०२५

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाला तौलनिक शासनपद्धतींत अमेरिकेची राज्यघटना येते. नोट्समध्ये हा विषय दोन ओळींत उरकलेला असतो: युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सैन्याचं सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे. हे शिकवताना एका विद्यार्थिनीनं विचारलं, की जून २०२५ मध्ये अमेरिकेनं इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले त्याआधी काँग्रेसमध्ये मतदान कुठल्या दिवशी झालं? झालंच नव्हतं. त्यावर तिचा पुढचा प्रश्न, "मग तो अधिकार आहे तरी कशाला?"

शोधाशोध केली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. हल्ल्याच्या आधी, १७ जूनला, काँग्रेसच्या परवानगीशिवाय इराणशी युद्ध नको असा ठराव मांडताना डेमोक्रॅट रो खन्ना यांच्या जोडीला रिपब्लिकन थॉमस मॅसी होते. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे. सेनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, २७ जूनला तशाच आशयाचा ठराव ४७ विरुद्ध ५३ असा पडला, तेव्हा त्याच्या बाजूनं मत देणारे रिपब्लिकन एकटे रँड पॉल. मॅसी आणि पॉल या दोघांना लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि लहान सरकार यांचे आग्रही, म्हणतात. आपल्याकडची वर्तमानपत्रं त्यांना 'अलिप्ततावादी' म्हणून मोकळी होतात.

डाव्यांचा युद्धविरोध मला कळतो. पण कर कमी करा, सरकार लहान करा म्हणणारी ही माणसं युद्धाच्या प्रश्नावर इतकी का पेटतात? आणि हा अधिकार काँग्रेसच्या हातून निसटला कसा? तिकडे राहणाऱ्यांनी जरूर लिहावं.

ब्राझोरियाकर | १३ सप्टेंबर २०२५

ताई, आधी या लिबर्टेरियन माणसांबद्दल लिहितो. ती कळली की बाकीचं उलगडत जातं.

मी टेक्सासच्या ब्राझोरिया काउंटीत राहतो. रसायनांच्या कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रँड पॉल यांचे वडील रॉन पॉल हे आमच्या भागाचे खासदार होते. लेक जॅक्सन गावात राहणारे, पेशानं प्रसूतितज्ज्ञ. माझ्या शिफ्टमधल्या कित्येकांची मुलं त्यांच्या हातून जन्मलेली. निवडणूक आली की त्यांच्या घरच्या पाककृतींची पुस्तिका मतदारांच्या पोस्टाच्या पेटीत येऊन पडायची. आमचा भाग म्हणजे भातशेती, कोळंबीच्या बोटी आणि कारखाने. तत्त्वज्ञान चघळत बसणारी माणसं इथे फार नाहीत. पण 'घटनेत अधिकार दिलेला नसेल तर माझं मत नाही' हा त्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि शेतीच्या अनुदानालाही ते तोच नियम लावायचे. त्यामुळे इराकच्या वेळी ते आपल्या पक्षाच्या विरोधात गेले तेव्हा राग पुष्कळांना आला, नवल कुणालाच वाटलं नाही.

इराकचा तो प्रसंग वर्गात सांगाच. ऑक्टोबर २००२. बुश यांना इराकविरुद्ध सैन्य वापरायची मुभा देणारा ठराव परराष्ट्रविषयक समितीपुढे आला. त्यात 'युद्ध जाहीर करतो' असं कुठेच नव्हतं. राष्ट्राध्यक्षांना आवश्यक वाटलं तर त्यांनी सैन्य वापरावं, एवढंच. रॉन पॉल यांनी दुरुस्ती सुचवली: अमेरिका इराकशी युद्ध जाहीर करत आहे, असं सरळ लिहा. आणि हेही सांगितलं, की माझ्या या दुरुस्तीच्या विरोधात मी स्वतःच मत देणार आहे. युद्ध करायचंच असेल तर त्याला युद्ध म्हणा आणि आपल्या नावानिशी जबाबदारी घ्या, हा त्यांचा आग्रह. समितीचे अध्यक्ष हेन्री हाइड यांचं उत्तर साधारण असं होतं, की घटनेतल्या काही गोष्टी काळाच्या ओघात मागे पडल्या आहेत. दुरुस्ती पडली.

१० ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, मूळ ठराव २९६ विरुद्ध १३३ असा मंजूर झाला. कुणी काय मत दिलं ती यादी सभागृहाच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर आजही बघता येते. रिपब्लिकनांची नावं सरळ अक्षरांत, डेमोक्रॅटांची तिरप्या. 'नाही'च्या रकान्यात तिरप्या नावांच्या दाटीत सरळ नावं फक्त सहा, त्यातलं एक पॉल. पुढे माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा राखीव दलातून इराकला गेला, तेव्हा ती यादी छापून मी कामावर नेली होती. कॅन्टीनच्या टेबलावर ती पसरून लोक बोट फिरवत आपापल्या खासदाराचं नाव शोधत होते. मुलाचे वडील ती घडी करून खिशात घालून घेऊन गेले.

आता तुमचा 'का'. लिबर्टेरियन माणसाच्या लेखी परदेशातलं युद्ध आणि घरातलं अवाढव्य सरकार हे वेगवेगळे प्रश्नच नाहीत. घटनाकार जेम्स मॅडिसननं १७९५ मध्ये लिहून ठेवलंय, की स्वातंत्र्याच्या सगळ्या शत्रूंत युद्धाची धास्ती सर्वांत जास्त धरावी, कारण बाकीच्या प्रत्येक शत्रूचं बीज त्याच्यात असतं. युद्धातून सैन्यं उभी राहतात आणि सैन्यांतून कर्जं आणि कर. हे पुस्तकी वाटत असेल तर माझ्या घरच्या कागदांवरून सांगतो.

टेलिफोनच्या बिलात तळाशी तीन टक्के 'फेडरल एक्साइज टॅक्स' अशी ओळ असायची. फोनवर हा कर पहिल्यांदा बसला १८९८ मध्ये, स्पेनशी झालेल्या युद्धाचा खर्च काढायला. त्या वर्षीच लढाई थांबली. कर १९०२ मध्ये उठवला, १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं तसा परत आला, व्हिएतनामच्या काळात उतरणीला लागलेला असताना पुन्हा चढवला. लांब पल्ल्याच्या कॉलवरून तो सुटला २००६ मध्ये. त्या वर्षीच्या विवरणपत्रात त्याच्या परताव्याची स्वतंत्र ओळ होती, मी ती भरली. स्पेनशी युद्ध झालं तेव्हा माझे पणजोबा कोकणात नांगर धरत होते. दुसरं उदाहरण पगाराच्या पावतीवरचं. दर पगारातून आयकर कापून घ्यायची इथली पद्धत १९४३ ची, दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी आणलेली. ती आखण्यात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन होते, आणि ती बंद करायचा काही मार्ग असता तर बरं झालं असतं, असं तेच पुढे म्हणत राहिले. महायुद्ध १९४५ ला संपलं, कपात चालूच आहे. रॉबर्ट हिग्ज या अर्थतज्ज्ञानं याचीच मांडणी केली: संकटात सरकार फुगतं, संकट सरलं की जरा ओसरतं, पण पूर्वीच्या जागी परत येत नाही.

ही माणसं जगाशी संबंध तोडायला सांगत नाहीत, हेही मुलांना सांगा. रॉन पॉल क्युबाशी व्यापार खुला करा म्हणायचे, तिथे जायची बंदी उठवा म्हणायचे, आर्थिक निर्बंधांच्या विरोधात मत द्यायचे.

आता अधिकार निसटला कसा. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत १७ ऑगस्ट १७८७ ला यावर चर्चा झाली. मसुद्यात 'युद्ध करणे' हा अधिकार काँग्रेसकडे होता. साउथ कॅरोलिनाचे पियर्स बटलर म्हणाले, राष्ट्राध्यक्षाकडे द्या. एल्ब्रिज गेरी उसळले: प्रजासत्ताकात एकट्या कार्यकारी प्रमुखाला युद्ध जाहीर करू द्या, अशी सूचना कानावर येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. शेवटी मॅडिसन आणि गेरी यांच्या दुरुस्तीनं 'करणे'च्या जागी 'जाहीर करणे' आलं, एवढ्यासाठीच की अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्षाचे हात मोकळे असावेत. तेवढ्या फटीतून पुढचं सगळं आत आलंय. काँग्रेसनं रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरियात ३६,००० हून अधिक आणि व्हिएतनाममध्ये ५८,००० हून अधिक अमेरिकी सैनिकांचे जीव गेले. दोन्हीची घोषणा नाही. कोरियाला ट्रूमन 'पोलिसी कारवाई' म्हणत राहिले.

पण सगळं खापर राष्ट्राध्यक्षांवर फोडायला मी तयार नाही. माझा खरा राग काँग्रेसवर आहे. १४ सप्टेंबर २००१ ला, हल्ल्यानंतर तीन दिवसांत, तिनं एक ठराव केला. त्याचा गाभा इंग्रजीत अवघा ६० शब्दांचा. ११ सप्टेंबरचे हल्ले ज्यांनी आखले, घडवले, ज्यांनी त्यात मदत केली किंवा अशांना आसरा दिला असं राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध त्यांनी बळ वापरावं. कुठल्या देशाचं नाव नाही, मुदत नाही, हद्द नाही, आणि 'ठरवतील' कोण तर राष्ट्राध्यक्षच. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. रॉन पॉल यांनीही बाजूनं मत दिलं होतं, ते लपवायचं कारण नाही.

त्या ६० शब्दांच्या आधारे पुढे आयसिसवर बॉम्ब पडले, सोमालियातल्या अल-शबाबवर पडले. २००१ मध्ये या संघटना या नावानं अस्तित्वातही नव्हत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये नायजर देशात चार अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा लिंडसे ग्रॅहॅमसारखे मुरलेले, युद्धाच्या बाजूचे सेनेटर टीव्हीवर म्हणाले, की नायजरमध्ये आपले हजार सैनिक आहेत हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं! सैन्यदलांच्या समितीवर बसणारा माणूस हे म्हणतो. मत द्यायची वेळच येऊ नये, म्हणजे युद्ध फसलं तर कानावर हात ठेवता येतात, ही त्यांची सोय आहे. राष्ट्राध्यक्ष अधिकार घेतात हे खरं, पण हे लोक तो ताटात वाढून देतात.

सदाशिव पेठेतला वकील | १४ सप्टेंबर २०२५

ब्राझोरियाकरांनी राजकारण सांगितलं, मी कायद्याची बाजू जोडतो. त्यात एक भारतीय नाव येतं म्हणून विद्यार्थ्यांना लक्षात राहील.

व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या गुप्त बॉम्बफेकीनंतर काँग्रेसनं १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवायचं. मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, माघारी आणायचं. त्यात एक जबरदस्त कलम होतं: दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमतानं ठराव केला की राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय सैन्य परत.

आता जगदीश राय चढ्ढा. केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी, व्हिसाची मुदत संपल्यावर अमेरिकेत राहिला. त्याची हकालपट्टी सरकारनं थांबवली, प्रतिनिधिगृहानं एका ठरावानं ती सवलत रद्द केली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९८३ मध्ये जिंकला. न्यायालयाचं म्हणणं: काँग्रेसला कायद्याचा परिणाम घडवायचा असेल तर विधेयक राष्ट्राध्यक्षापुढे सहीला जायलाच हवं. चढ्ढाला न्याय मिळाला, पण त्या निकालानं १९७३ च्या कायद्यातलं ते कलमही पोकळ झालं. आता युद्ध थांबवायचा ठराव राष्ट्राध्यक्षाकडे सहीला जातो, तो नकार देतो, आणि मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात. येमेनमधल्या युद्धाला दिलेल्या अमेरिकी मदतीबाबत २०१९ मध्ये हेच झालं. दोन्ही सभागृहांनी ठराव केला, ट्रम्प यांनी नाकारला, सेनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ झाले. बहुमत असूनही हरले.

म्हणजे घटनाकारांच्या मनात होतं की युद्ध सुरू करायला बहुमत लागावं. आज ते थांबवायला दोन तृतीयांश लागतात.

६० दिवसांची मुदतही गुंडाळता येते. लिबियात २०११ ला ती उलटली तेव्हा ओबामा प्रशासनाचा युक्तिवाद होता, की आपलं पायदळ तिथे नाही, समोरून फारसा मारा होत नाही, तेव्हा याला कायद्याच्या अर्थानं 'लढाई' म्हणताच येणार नाही. कोर्टात जावं तर कोर्ट हात झटकतं. लिबियावर दहा खासदारांनी, त्यात रॉन पॉल आणि डावे डेनिस कुसिनिच दोघेही, खटला भरला; तुम्हाला दाद मागायचा हक्कच पोचत नाही म्हणून फेटाळला. २०१६ मध्ये लष्करातल्या एका कॅप्टननं आयसिसविरुद्धचं युद्ध बेकायदा आहे म्हणून दाद मागितली, ती पण फेटाळली. खासदाराला हक्क नाही, लढणाऱ्याला नाही, मग तो आहे कुणाला?

ठाणेकर | १४ सप्टेंबर २०२५

मला हे पटत नाही. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. जग चर्चा करत बसलं. अशा वेळी काँग्रेसमध्ये भाषणं होईपर्यंत थांबायचं का? क्षेपणास्त्रं काही मिनिटांत पोचतात त्या काळात अठराव्या शतकाचा नियम धरून कसं चालेल? आणि रॉन पॉल यांचं इतकं कौतुक चाललंय, तर त्यांच्या नावानं निघणाऱ्या वार्तापत्रांत वर्णद्वेषी मजकूर छापला जायचा, हेही लिहा की.

ब्राझोरियाकर | १४ सप्टेंबर २०२५

वार्तापत्रांचं म्हणताय ते खरं आहे. मजकूर मी लिहिला नव्हता असं ते म्हणाले, पण नाव त्यांचं होतं, पैसे त्यांच्या कंपनीला मिळत होते. इथल्या काळ्या शेजाऱ्यांना ते कधी विसरता आलं नाही आणि त्यांनी विसरावं असं मी म्हणणार नाही. म्हणूनच मी घटनेतल्या कलमाबद्दल बोलतोय, माणसाच्या पुतळ्याबद्दल नाही. बार्बरा ली यांचं राजकारण पॉल यांच्या अगदी उलट टोकाचं, तरी कलम दोघांनाही तेच दिसलं.

वेगाबद्दल मात्र ठाम सांगतो. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. दुसऱ्या दिवशी रूझवेल्ट काँग्रेसपुढे येऊन बोलले आणि तासाभरात दोन्ही सभागृहांनी मत दिलं: सेनेट ८२ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृह ३८८ विरुद्ध १. आजच्यासारखी विमानसेवा नव्हती, ईमेल नव्हता, कित्येक खासदार आगगाडीनं येणारे. २००१ मध्ये तीन दिवस लागले. क्षेपणास्त्र येत असेल तर ते पाडायला मतदान लागतच नाही, गेरी आणि मॅडिसननं ती मोकळीक १७८७ मध्येच ठेवली आहे. पण इराणवर सोडलेली बी-२ विमानं मिसूरीहून निघून अर्ध्या जगावरून गेली, आणि तो बेत त्याआधी कितीतरी दिवस शिजत होता. मॅसी आणि खन्ना यांचा ठराव त्याच दिवसांत टेबलावर पडून होता. वेळ नव्हता असं कसं म्हणता?

रवांडाच्या वेळी काँग्रेसनं कुणाला अडवलं नव्हतं. क्लिंटन काँग्रेसकडे गेलेच नाहीत. 'वंशसंहार' हा शब्दसुद्धा त्यांचे अधिकारी टाळत होते. ते अपयश एकट्या कार्यालयात निर्णय साठल्याचं आहे. आणि जिथे राष्ट्राध्यक्ष न विचारता घाईनं उतरले ते लिबिया घ्या. तिथला हुकूमशहा गद्दाफी याच्या सैन्यापासून बेंगाझी शहर वाचवायला म्हणून मार्च २०११ मध्ये सुरू झालं, तो मारला जाईपर्यंत चाललं, त्याची हत्यारं सहारा ओलांडून मालीत गेली आणि २०१२ मध्ये तिथे बंड पेटलं. लिबियात आज दोन सत्ताकेंद्रं आहेत. जून २०११ मध्ये प्रतिनिधिगृहानं त्या मोहिमेला मंजुरी देणारा ठराव २९५ विरुद्ध १२३ असा फेटाळला होता. बॉम्बफेक थांबली नाही.

याच्या उलट ब्रिटन बघा. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावर हल्ला करायचा की नाही हे कॅमेरून यांनी संसदेला विचारलं, २८५ विरुद्ध २७२ असे हरले, आणि सैन्य पाठवलं नाही. दोनच दिवसांनी ओबामांनीही काँग्रेसकडे जायचं ठरवलं. खासदारांच्या कार्यालयांत फोन खणखणले, बहुतेक विरोधात. माझाही त्यात होता. मतदानाची वेळच आली नाही, रासायनिक अस्त्रं नष्ट करायचा करार झाला. कितपत पाळला गेला हा वेगळा विषय, पण विचारायची वेळ आली की बेत मंदावतो एवढं तेव्हा इथे बसून दिसलं.

लासलगावकर | १४ सप्टेंबर २०२५

फोनवरच्या कराचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कांद्याच्या साठ्यावर मर्यादा येते ती जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली, १९५५ च्या. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या भारत संरक्षण नियमांत आहे. युद्ध संपल्यावर १९४६ ला जो कायदा केला त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. चाळीत कांदा भरून ठेवलेला असतो, भाव जरा वर येतो, आणि तहसीलचा माणूस साठ्याची नोंदवही मागायला दारात उभा. शरद जोशींनी आयुष्यभर हेच सांगितलं आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला तोही याच विचारावर. अमेरिकेतले हे लोक काय म्हणतात ते आमच्याकडच्या संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

ब्राझोरियाकर | १४ सप्टेंबर २०२५

लासलगावकर, १९४६ चं उदाहरण फार मोलाचं दिलंत. इथला त्याचा भाऊ सांगतो. १४ नोव्हेंबर १९७९ ला, तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत ओलीसनाट्य सुरू असताना, कार्टर यांनी इराणबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ओलीस जानेवारी १९८१ ला सुटले. ती आणीबाणी आजही लागू आहे, दरवर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष एक नोटीस काढून तिला आणखी एक वर्ष देतो. अशा कितीतरी आणीबाण्या एकाच वेळी चालू आहेत.

ज्या १९७७ च्या आणीबाणी-अधिकारांच्या कायद्याखाली ती उभी आहे, त्याच कायद्याच्या आधारानं ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क बसलं. कर बसवायचा अधिकारही घटनेनं काँग्रेसलाच दिलाय, पण मतदान नाही. त्याला कोर्टात खेचलं ते न्यूयॉर्कच्या एका छोट्या वाइन आयातदारानं आणि तशाच चार लहान धंदेवाल्यांनी. त्यांचा खटला चालवला तो लिबर्टी जस्टिस सेंटरनं, म्हणजे लिबर्टेरियन वकीलमंडळी. व्यापार न्यायालयात मे महिन्यात ते जिंकले, २९ ऑगस्टला अपील न्यायालयातही जिंकले, मग सर्वोच्च न्यायालयानं ते प्रकरण ऐकायला घेतलं. ताई, तुमच्या मुलांना सांगा: इचलकरंजीच्या कापडावरचा कर आणि फोर्दोवरचा बॉम्ब एकाच दारानं आत आलेत.

निवृत्त सुभेदार | १५ सप्टेंबर २०२५

मी श्रीलंकेत शांतिसेनेत होतो. २९ जुलै १९८७ ला करार झाला आणि लगोलग आमची विमानं उतरायला लागली. सुमारे १२०० जवान परत आले नाहीत. जवान हुकूम पाळतो, प्रश्न विचारणं त्याचं काम नाही. म्हणूनच हुकूम निघायच्या आधी कुणीतरी उभं राहून प्रश्न विचारलेला असावा, असं मला नेहमी वाटतं. आपल्या घटनेत संसदेची पूर्वपरवानगी घ्या असं कलमच नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी तसं सुचवलंय का?

दुसरं, १९७१ ला अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं. ते काँग्रेसला विचारून आलं होतं का?

ब्राझोरियाकर | १५ सप्टेंबर २०२५

सुभेदार साहेब, नमस्कार. नाही, विचारलं नव्हतं. 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका आणि तिच्यासोबतचा ताफा निक्सन यांच्या हुकुमानं निघाला. त्याहून गंभीर गोष्ट विमानांची. पाकिस्तानला हत्यारं द्यायला तेव्हा मनाई होती, आणि अमेरिकेनं दुसऱ्या देशाला दिलेली विमानं तिथून पाकिस्तानला पाठवणं बेकायदा ठरेल असं परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं, दोन्हीकडच्या वकिलांनी सांगितलं होतं. निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी तरीही इराण आणि जॉर्डनमार्फत हालचाल केली. जॉर्डनची एफ-१०४ विमानं पाकिस्तानात पोचली. व्हाइट हाउसमधली त्यांची संभाषणं निक्सन यांच्याच टेपांवर आहेत. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच कत्तलीबद्दल निषेधाची तार पाठवली होती, तर त्यांनाच तिथून हलवलं. त्या वेळी सेनेटमध्ये फ्रँक चर्च आणि विल्यम सॅक्सबी पाकिस्तानची मदत रोखायची दुरुस्ती घेऊन झगडत होते. म्हणजे भारताच्या बाजूनं प्रश्न विचारणारे काँग्रेसमध्ये होते, हुकूम मात्र दुसऱ्याच खोलीतून निघत होता.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर वकील साहेबांनी लिहावं. मला एवढंच ठाऊक आहे की आणीबाणीच्या बाबतीत आपण हा धडा घेतलाय. २५ जून १९७५ च्या रात्री सही झाली आणि मंत्रिमंडळाला पहाटे बोलावून सांगितलं गेलं. म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला आणि संसदेची मंजुरी महिन्याच्या आत, विशेष बहुमतानं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, हे तेव्हा आपल्या लोकांनी ओळखलं. सैन्य परदेशी पाठवण्याबाबत ते ओळखायचं राहिलं.

सदाशिव पेठेतला वकील | १५ सप्टेंबर २०२५

सुभेदार साहेब, बरोबर आहे तुमचं. संघसूचीत 'युद्ध आणि शांतता' ही नोंद आहे, म्हणजे विषय केंद्राचा. पूर्वमंजुरीची अट नाही. संसदेकडे खर्चाची मंजुरी आणि अविश्वासाचा ठराव ही हत्यारं आहेत, पण ती नंतरची.

राज्यशास्त्राची शिक्षिका | १५ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. २००२ ची ती यादी आणि चढ्ढाचा खटला दोन्ही या आठवड्यात वर्गात घेते. एकच विचारायचं राहिलं, ब्राझोरियाकर काका. मुली विचारणारच, की मग यावर इलाज काय सुचवलाय? का नुसतीच तक्रार?

ब्राझोरियाकर | १६ सप्टेंबर २०२५

सुचवलाय, आणि तो कागदावर आहे. जुलै २०२१ मध्ये सेनेटमध्ये एक विधेयक आलं. आणणारे तिघं: कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी, युटाचे रिपब्लिकन माइक ली आणि व्हर्मॉन्टचे बर्नी सँडर्स. ली यांचं बाकीच्या दोघांशी एरवी फारसं जमत नाही. विधेयकाचा जीव एका बदलात आहे. आज काँग्रेस गप्प बसली की युद्ध चालू राहतं. त्यांनी ते उलटं केलं: काँग्रेस गप्प बसली की युद्ध थांबेल. ६० दिवसांऐवजी २० दिवस, तेवढ्यात मंजुरी नाही मिळाली तर पैसा आपोआप बंद, सैन्य परत. नकाराधिकाराचा आणि दोन तृतीयांशाचा प्रश्नच उरत नाही, कारण काही थांबवायला मत लागतच नाही. जुन्या परवानग्यांना मुदत. आणीबाणीही ३० दिवसांत काँग्रेसनं मंजूर केली नाही तर संपली.

ते मतदानापर्यंत पोचलं नाही. २ सप्टेंबरला कॅरिबियन समुद्रात एका बोटीवर हल्ला करून ११ माणसं मारली, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ते जाहीर केलं, आणि त्यावर आपल्याच पक्षाला जाब विचारायला पुन्हा रँड पॉलच उभे राहिले. मी टेक्सासच्या आमच्या दोन्ही सेनेटरांच्या कार्यालयांना फोन केला आणि विचारलं, की या हल्ल्याला तुमची मंजुरी कुठल्या ठरावानं होती. फोनवरच्या मुलीनं माझा पिनकोड लिहून घेतला. लेखी उत्तर आलं तर इथे टाकतो.